देणाऱ्याची सोय

१४ जून

ठमे,

वर "अनेक आशीर्वाद" लिहिलं होतं, ते खोडलं. तीन महिने जिच्याशी बोलणं नाही तिला आशीर्वाद कुठल्या तोंडानं पाठवायचे? फोन मी करणार नाही. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मग तू ठेवून देतेस. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण ते मला दिसत नाही.

मुद्द्याचं आधी. डायलिसिसच्या सिस्टरनी सांगितलं की तू येऊन गेलीस. रक्त दिलंस, छातीचा फोटो काढलास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. घराच्या मागच्या गल्लीतून गेली असशील, कारण स्टँडला दुसरा रस्ता नाही. "बाई, मुलीचा रक्तगट जुळला बरं का," असं सिस्टर इतक्या आनंदानं म्हणाल्या की मला वाटलं तुझं लग्नच जमलं.

माझं उत्तर मार्चमध्ये होतं तेच आहे. तुझी किडनी मी घेणार नाही. त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चार माणसांत मी आवाज चढवला, तू तोंड फिरवून निघून गेलीस, ते सगळं झालं ते झालं. पण मुद्दा तोच. तुझं वय एकोणतीस. उद्या तुला मूल होईल, परवा रक्तदाब होईल, तेव्हा एका किडनीवर तुझं कसं चाललंय ते विचारायला मी नसेन. मी माझ्या दोन छप्पन वर्षं वापरल्या, त्या गेल्या. तुझ्या तू वापर. माझं नाव यादीत आहे. कुणा गेलेल्या माणसाची मिळाली तर मिळेल.

बाकी ठीक आहे. एक दिवस मशीनचा, एक दिवस कॉलेजचा, आणि रविवार पलंगाचा. प्राचार्यांनी प्रात्यक्षिकं काढून घेतली, फार गोड बोलून. "बाई, आता बसून शिकवा." त्याबदली एक नवा तास दिला आहे. विज्ञानातले नैतिक प्रश्न घ्यायचे आणि अकरावीच्या मुलांनी त्यावर वाद घालायचा. परीक्षा नाही, म्हणून कुणालाच तो तास नको होता. नको असलेला तास आणि नको असलेली बाई, छान जोडी जमवली त्यांनी. जुळण्याच्या बाबतीत सध्या माझं नशीब जोरावर आहे.

मुलांचा वाद म्हणजे ज्याचा घसा मोठा त्याचं खरं. म्हणून मी नियम केला आहे. बाजू आपण निवडायची नाही, डब्यातून चिठ्ठी उचलायची आणि निघेल ती बाजू मांडायची. तास अर्ध्यावर आला की घंटा वाजते. घंटा वाजली की बाजू बदला. मघापासून जे खोडत होता, तेच आता स्वतःचं म्हणून सांगा. मुलांना हा छळ वाटतो. वाटू दे.

पायाला सूज नाही. थोडी आहे.

आई

९ जुलै

ठमे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चतकोर कागद. "आई, चाचण्या माझ्या शरीराच्या आहेत, त्याला तुझी परवानगी लागत नाही. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे." खाली सही नाही, मायना तर नाहीच. मागच्या बाजूला तुमच्या ऑफिसातला कुठल्यातरी गावाच्या पाणीपुरवठ्याचा नकाशा होता. तो मी जास्त वेळ बघितला. टाकीतून निघालेलं पाणी प्रत्येक घरी कसं शहाण्यासारखं जातं. माझ्याकडे प्यायलेलं पाणी कुठे जावं हे मशीनला ठरवावं लागतं, आणि दिवसाला प्यायचं किती हे डॉक्टरांना. मी एक लहान बाटली भरून ठेवते आणि दिवसभर तिच्याकडे कंजुषासारखी बघते.

परवानगी लागत नाही हे खरं आहे. पण तू देशील ते घ्यायला मीही लागते ना? त्याचं काय करशील?

वर्गाचं सांगते, भांडण जरा बाजूला ठेवून. पहिला विषय दिला: औषधाच्या प्रयोगासाठी उंदीर मारावेत का. वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. त्याला "मारावेत" निघालं. उंदीर मेला नाही तर माणसं मरतील, हे त्यानं असं काही मांडलं की बाकावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग घंटा झाली. उठला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "बाई, मघाशी जो बोलत होता त्याला आता मी काय सांगू? त्याला उंदीर दिसतच नव्हता." सगळे हसले. तो हसला नाही. मला फार बरं वाटलं. मुलगा खजील झाला म्हणून नव्हे, आपण सोडलेली जागा त्याला पहिल्यांदा समोरून दिसली म्हणून.

दुसरा एक आहे, त्याचं प्रत्येक वाक्य "पण बाई" नं सुरू होतं. त्याला मी पणबाईच म्हणते, तोही ओ देतो. त्याला घंटा सांभाळायला दिली आहे, म्हणजे तेवढा वेळ तरी तो गप्प बसतो. आणि शेवटच्या बाकावर एक मुकी आहे. मुकी म्हणजे खरी मुकी नव्हे, बोलत नाही एवढंच. चिठ्ठी उचलते, वाचते, घडी घालून परत ठेवते.

तुला आठवतं, तू म्हणायचीस, "आई, दोन्ही बाजू नको सांगूस, तुला काय वाटतं ते एकदा सांग ना." शाळेची सहल असो, कॉलेजची शाखा असो, तो तुझा मित्र असो, मी आपली इकडून चार आणि तिकडून चार मुद्दे मांडायची आणि तू पाय आपटत निघून जायचीस. आता आयुष्यात पहिल्यांदा मी एक बाजू घट्ट धरून बसले आहे, तर ती तुला मान्य नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं आहे माझं.

तास संपल्यावर टेबल धरून उठते. खुर्ची जरा खोल आहे.

आई

६ ऑगस्ट

ठमे,

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

मी डॉक्टरांकडे गेले होते. मशीनसाठी नव्हे, त्यांना एकटं गाठायला. म्हटलं, डॉक्टर, माझी मुलगी हट्टी आहे, ती माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. स्कॅन झाला की तिला सांगा, जुळत नाही. एवढंच सांगा. तुमचं एक वाक्य, माझ्या जिवाला शांती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, कुणी म्हणजे? मी शिकवते. पुस्तकात आहे.

आहेच. किडनी देणाऱ्या माणसाला शेवटी एकट्याला बोलावतात. नवरा नाही, आई नाही, भाऊ नाही. दार लावून विचारतात, तुम्हाला खरंच द्यायची आहे का? कुणाचा दबाव आहे का? घरात लोकलाजेनं हो म्हणून बसलेली कितीतरी माणसं तिथे रडतात म्हणे. तो नाही म्हणाला तर डॉक्टर बाहेर येऊन घरच्यांना एवढंच सांगतात की हे दाता म्हणून योग्य नाहीत. कारण सांगत नाहीत. घरचे समजतात, तब्येतीत काहीतरी निघालं. माणूस सुटतो, घरही टिकतं.

"पण ती सोय देणाऱ्याची आहे," डॉक्टर म्हणाले. "घेणाऱ्याची नाही. तुमच्या सांगण्यावरून मी तिला खोटं सांगितलं तर उद्या ती माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल? तुम्हाला नको असेल तर नको म्हणा, तुमचा हक्क आहे. पण तिच्या तोंडावर म्हणा."

तोंडावर म्हणूनच तर पाच महिने बोलणं बंद आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

खाली मान घालून परत आले. लोकांच्या पोरांना नीतिमत्तेवर वाद घालायला शिकवते आणि स्वतः डॉक्टरला खोटं बोल म्हणून गळ घालते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग काय केलं माहीत आहे? तोच विषय वर्गाला दिला. नावगाव न घेता. घाबरलेल्या दात्याला वाचवायला डॉक्टरनं असं आडोशाचं बोलावं का?

वकिलाला "बोलावं" निघालं. त्यानं छान सांगितलं. म्हणाला, घरात नाही म्हणण्यासाठी ऑपरेशनपेक्षा जास्त हिंमत लागते, ती सगळ्यांकडे नसते, मग ज्याच्याकडे नाही त्याचं पोट फाडायचं का? पणबाई म्हणाला, पण बाई, आजारी माणसाशी मग खरं कोण बोलणार? घंटा झाली, बाजू फिरल्या, तेच मुद्दे उलटसुलट झाले, आणि मी आता संपवणार तेवढ्यात मुकीनं हात वर केला. जूनपासून पहिल्यांदा.

ती म्हणाली, "बाई, समजा खरंच जुळलं नाही. तरी घरचे म्हणणार, हिनं माघार घेतली असेल. मग जिला खरंच द्यायची होती ती काय करणार?"

मी म्हटलं, ही सोय घरच्यांनी विचारलं नाही तरच चालते. मुकी म्हणाली, "म्हणजे सगळं घरच्यांवरच आलं." आणि बसली. बोलत नाही ते बरं आहे, बोलली की पंचाईत करते.

हे सगळं तुला का लिहिलं? सहज. वर्गातली गंमत म्हणून. पण तू जाशील तेव्हा ते तुला एकटीला विचारतील हे तुला माहीत असलेलं बरं. घाईत सही करू नकोस.

माझं "नाही" कायम आहे.

आई

३० ऑगस्ट

ठमे,

काळजी करू नकोस असं लिहायला बसले की पहिल्यांदा काळजीच लिहावी लागते. मंगळवारी वर्गात पडले. चक्कर आली आणि खडूच्या डब्यासकट खाली. फार काही नाही, कोपर खरचटलं. पण उठवताना बाही वर गेली आणि हातावरच्या सुयांच्या खुणा, मशीन जोडायला ऑपरेशननं मुद्दाम फुगवलेली ती शीर, सगळ्यांनी पाहिली. पणबाईनं शिरेवर बोट ठेवलं आणि दचकून काढलं. "पण बाई, हे तर थरथरतंय." म्हटलं, बाळा, ते तसंच थरथरायचं असतं, थांबलं की घाबरायचं.

मग सांगावं लागलं. मशीन, यादी, वर्षानुवर्षं ती यादी कशी हलत नाही, सगळं. मुलगी द्यायला निघाली आहे आणि मी नको म्हणते आहे, तेही. का सांगितलं कोण जाणे. थकलेल्या माणसाला लपवायचाही कंटाळा येतो गं. सकाळी उठल्यापासून मी दमलेली असते. मशीनवरून आल्यावर तर चप्पल काढायला वाकावं लागतं याचा राग येतो. "ठीक आहे" असं तुला दर पत्रात लिहिते ते ठीक नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गुरुवारी वर्गात गेले तर फळ्यावर विषय आधीच लिहिलेला. "मुलानं देऊ केलेला अवयव आईनं नाकारावा का?" अक्षर वकिलाचं. मी म्हटलं, हा विषय मी दिलेला नाही. वकील म्हणाला, "बाई, विषय मुलांनीही सुचवावा असं तुम्हीच म्हणाला होतात." आणि डबा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "आज तुम्ही उचला."

मी रागावले. हा वर्ग आहे, माझं घर नव्हे, असं म्हणाले. कुणी हललं नाही. मुकी शेवटच्या बाकावरून पुढे येऊन बसली होती. शेवटी म्हटलं, शेंडी तुटो की पारंबी तुटो, उचलते. निघालं, "नाकारू नये."

डब्यात सगळ्या तशाच चिठ्ठ्या होत्या की काय, मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. मास्तरकी तेवढीही उरली नाही.

पण नियम तो नियम. उभी राहिले, टेबल धरून. सुरुवात केली ती पुस्तकातली, जिवंत दात्याची किडनी जास्त टिकते, वाट बघण्यात शरीर खंगतं, वगैरे. मुलं ऐकत होती. मग मी म्हटलं, आई नाही म्हणते तेव्हा तिला वाटतं ती मुलीला वाचवते. पण मुलगी त्या नकाराचं काय करते? तिला आईकडे रोज बघत बसावं लागतं. आपल्याजवळ उपाय आहे आणि आपल्याला तो वापरू दिला नाही, हे घेऊन तिला पुढची चाळीस वर्षं काढायची असतात. एका किडनीवर माणूस जगतो. हे ओझं घेऊन कसं जगतो ते कुणी तपासलं आहे का? आई म्हणते, मी मुलीकडून काही घेणार नाही. अगं, पण मग मुलीनं आईला द्यायचं तरी काय? जन्मभर घेतच राहायचं?

मी पणबाईकडे पाहिलं, घंटा होईल, बाजू बदलेल, मग मी सुटेन. माझे सगळे मुद्दे त्या बाजूला तयार होते, मार्चपासून पाठ आहेत. त्यानं घंटा दोन्ही हातांत धरली होती, आतला लोलक मुठीत आवळून. वेळ कधीच होऊन गेली होती. वाजवलीच नाही त्यानं.

मग मी बोलतच राहिले. आणि ठमे, जे बोलले ते मला पटलं.

घेते मी. हो म्हणते आहे. मी भिते, तुझ्यासाठीही आणि माझ्यासाठीही, पण मला जगायचं आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आईनं असं म्हणणं बरं दिसत नाही. मला अजून जगायचं आहे आणि तुझ्याशी भांडायचं आहे.

ये. या वेळी स्टँडवरून सरळ घरी ये.

आई

१३ सप्टेंबर

ठमे,

"बरं आई, येते," एवढंच लिहिलंस. मी ते चारदा वाचलं. आता भांडण मिटलं तर जरा जास्त अक्षरं लिहायला हरकत नाही, शाई काही माझ्या बाटलीतून जात नाही.

शेवटची भेट तेवीस तारखेला आहे, असं सिस्टर म्हणाल्या. तुला एकटीला आत बोलावतील. मी बाहेर बाकावर बसेन. तुझ्या खोलीतली शिवणाची मशीन बाहेर काढून घेतली आहे, हॉस्पिटलमधून आल्यावर तुला तिथे पडायला जागा हवी. शेजारीण म्हणते, ऑपरेशननंतर दोघींना ती बघेल. दोन पेशंट आणि एक शेजारीण, तिचंच काय होईल याची मला चिंता.

वर्गाला सांगितलं की मी हो म्हटलं. वकिलानं चिठ्ठ्यांबद्दल काहीतरी कबूल करायला तोंड उघडलं. मी म्हटलं, बस खाली.

आई

१९ ऑक्टोबर

ठमे,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. पहिल्यात मी तुला विचारलं होतं. दुसऱ्यात, मी विचारणार नाही, असं लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर दोन्ही सारखीच झाली होती.

तू आलीस तेव्हा तीन दिवस घरात होतीस. माझी बाटली तू भरत होतीस. खिडक्या पुसल्यास, न सांगता. दुपारी जेवून पडलीस तेव्हा कुशीवर हात ठेवून झोपली होतीस, कमरेच्या जरा वर, आणि मी दारात उभी राहून बघत होते. तू तिथे हात का ठेवला होतास ते मला माहीत नाही. लहानपणीही तू तशीच झोपायचीस का, ते आठवायचा प्रयत्न करते आहे आणि आठवत नाही.

तेवीस तारखेला तू आत होतीस तेव्हा मी बाहेर बाकावर होते. दार उघडून आलीस तेव्हा डोळे कोरडे होते. "झालं," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम निघालं आणि गेलीस.

मग आठवड्यानं डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. "बाई, तुमची मुलगी दाता म्हणून योग्य नाही. तुमचं नाव यादीत आहेच." मी म्हटलं, बरं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत आहे की मला ती सोय माहीत आहे. ऑगस्टमध्ये त्यांच्यासमोर मीच ती पाठ म्हणून दाखवली होती. ते थोडं थांबले, मी विचारीन म्हणून. मी म्हटलं, पुढच्या तपासणीची तारीख काय? त्यांनी तारीख दिली.

तेव्हापासून तुझा फोन नाही. मी केले ते तू उचलले नाहीस. तुझ्या मैत्रिणीकडून कळलं की तू बरी आहेस, कामावर जातेस, नीट जेवत नाहीस.

वर्ग संपल्यावर मुकी थांबली होती. "बाई, जुळलं?" म्हटलं, नाही जुळलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुढे काही विचारलं नाही. त्या पोरीचे मी जन्मभर आभार मानीन.

आता तुला खरं सांगते, कारण थकले आहे आणि थकल्यावर मला खोटं बोलता येत नाही. ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. पण श्वासही मोकळा झाला, तुझं पोट फाडणार नाहीत म्हणून. आणि घरी येईपर्यंत रागही आला होता. कुणाचा ते कळेना. मी नाही म्हणत होते तोवर तुला देणं सोपं होतं का, हा विचार मनात आला. तो आला हे मी लपवणार नाही, कारण तू माझी मुलगी आहेस, तुला तो माझ्या आवाजातच ऐकू आला असता. तुझ्या फोन न उचलण्याचं कारण तेच असेल, असं मला वाटतं.

म्हणून तुला दोन्ही बाजू सांगते. तुझ्या रागाची सवय आहे मला.

खरंच जुळत नसेल, तर तू द्यायला निघाली होतीस आणि शरीरानं नाही म्हटलं. त्यात तुझं काय चुकलं? तुला वाटत असेल की आईला संशय येईल, आणि ते सिद्ध करायला तू कागद घेऊन येशील. आणू नकोस. मला कागद बघायचा नाही.

आणि जुळत असेल, आणि त्या बंद खोलीत तू नाही म्हणाली असशील, तर ऐक. तू चालायला लागलीस तेव्हापासून मी तुझ्यामागे ओरडत आले आहे, स्वतःला जप गं. रस्ता ओलांडताना, झाडावर चढताना, परक्या गावाला जाताना. जन्मात एकदाही ऐकलं नाहीस. आता एकदा ऐकलं असशील, तर मी त्यावर रुसू कशी? त्या खोलीत कुणी माझी मुलगी सांभाळली असेल तर मी त्याच्या पाया पडेन. मी बाकावर बसले होते तेही त्याचसाठी.

या दोन्हींतलं खरं कुठलं ते मला कळणार नाही. पहिले काही दिवस वाटलं की हे मला सहन होणार नाही. होतं आहे. मशीनवर पडल्या पडल्या मी दोन्ही मुलींवर माया करून पाहिली, जिला द्यायची होती तिच्यावर आणि जी घाबरली तिच्यावर. दोघींचा चेहरा तुझाच निघतो.

तुझं येणं मात्र मला हवं आहे. एवढ्या एका गोष्टीत माझी दुसरी बाजू नाही. किडनी नसताना माणूस मशीनवर जगतो, मी जगते आहे, अजून जगेन. तू माझ्यापासून तोंड लपवून बसलीस तर त्याला मशीन नाही.

रविवारी मी घरीच असते. सकाळची गाडी धर. दार मीच उघडीन, जरा वेळ लागेल, थांब. आत आल्यावर मी तुला एकच प्रश्न विचारणार आहे, जेवलीस का?

आई